हाताचा गुण

पिशवी हिरवी पडल्याचं पहिल्यांदा थोरलीनेच पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी नेहमीसारखी ती टॉर्च घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरली. मांडणीवर दीडशे पिशव्या ओळीने बसलेल्या होत्या, उशीएवढ्या. प्रत्येकीत अननसाच्या सालींचा उकडलेला चोथा, पेंढा आणि थराथरात अळंबीचं बी. नवव्या दिवशी पिशवी दह्यासारखी पांढरी दिसायला हवी. तिसऱ्या फळीवरच्या एकीच्या कुशीला नाण्याएवढा हिरवा डाग होता. तिने बोट लावलं नाही, नुसतं नाक जवळ नेलं. ओल्या भिंतीचा वास आला. शेजारचीलाही तसाच डाग. खालच्या फळीवर तर तीन पिशव्यांना हिरवी भुकटी धरली होती.

थोरलीने टॉर्च फिरवून पुन्हा पाहिलं. बी तिने भरलं होतं. या घरात बी फक्त तीच भरायची.

ते असं झालं होतं. नवरा वारला तेव्हा तिच्या वाट्याला आली चुलीशेजारची झोपायची जागा आणि "हिचं आता काय करायचं?" हा प्रश्न. तो सासू रोज कुणाला तरी विचारायची, तिच्यादेखतच. मूलबाळ नव्हतं. माहेरी भाऊ होता, पण तो मयतीला आला तेव्हाच परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारत होता. मग दिराने फळांच्या कारखान्यातून फुकट मिळणाऱ्या सालींवर अळंबी लावायचं काढलं. सुरुवातीला घरातल्या तिन्ही बायकांनी बी भरलं. सासूच्या पिशव्या सडल्या, दिराची बायको धाकटी, तिच्या निम्म्या आल्या, थोरलीच्या झाडून सगळ्या आल्या. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. सासूने कंबरेवर हात ठेवून निकाल दिला, "हिच्या हाताला गुण आहे."

झालं. त्या दिवसापासून थोरलीचे हात म्हणजे घरातली दुभती गाय. भांडी धाकटीकडे गेली. थोरलीने खरकटं उचलायचं नाही, कांदा चिरायचा नाही, राखेत हात घालायचा नाही. तिचा साबण वेगळा. जेवलीस का म्हणून जिने कधी विचारलं नव्हतं, ती सासू रोज दुपारी तिच्या तळव्यांना तेल चोळायला लागली. चोळताना ती थोरलीच्या तोंडाकडे बघायची नाही, फक्त हातांकडे. थोरलीला ते कळत होतं. तरी तिला ते आवडायचं. नवरा गेल्यापासून दुसऱ्या कुणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता.

आणि हात गेला तर पुढे काय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. कारखान्याच्या मागे सोलाईवाल्या बायकांची शेड होती. एका खोलीत बारा जणी. अननसाचा रस कातडी खातो. त्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या, हजेरीच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठायचा नाही, म्हणून मुकादम त्यांना ढोरांसारखं मोजून आत घ्यायचा. "हिला सोलाईला घालू," हे वाक्य पहिल्या वर्षी सासूच्या तोंडात चहाबरोबर असायचं. हाताला गुण आल्यापासून ते बंद झालं होतं.

तिने खोलीचं दार लोटलं आणि अंगणात येऊन सांगितलं, "आई, पाच पिशव्या हिरव्या पडल्यात."

सासू शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "पाचच ना? काढून लांब पूर. पावसाळी हवा आहे."

"तशा आणखीही दिसतायत."

"मग त्याही पूर." आता तिने पाहिलं, थोरलीच्या हातांकडे. "साबण संपला होता का गं?"

"नाही आई."

"बघ हं. आठवून बघ."

चार दिवसांत पाचाच्या साठ झाल्या. दीर आणि थोरली त्या पोत्यात भरून ओढ्यापलीकडे नेत. पोतं पाठीवर घेतलं की आंबट पाणी मानेवरून आत ओघळायचं आणि माशा मागे लागायच्या. दीर वाटेत एक शब्द बोलायचा नाही. तसा तो बडबड्या, रिकाम्या पिंपाशीही गप्पा मारेल असा माणूस. थोरलीला वाटलं, आपल्यावर रागावला असेल. तिला स्वतःचाच राग येत होता.

दुसऱ्या खेपेच्या वेळी तिने दहा वेळा हात धुतले. नखं मुळापासून कापली, इतकी की दोन बोटांतून रक्त आलं, मग ते थांबेपर्यंत हात वर धरून बसली. डोळ्यांत तेल घालून बी पेरलं. तोंडाला फडकं, डोक्याला फडकं. धाकटी बाळाला कडेवर घेऊन दारातून बघत होती. "ताई, तुम्ही अगदी ऑपरेशनला निघालात," ती म्हणाली आणि हसली. धाकटीच्या मनात कधी काळंबेरं नसायचं, घरात तेवढं एकच माणूस तसं होतं.

दुसरी खेप सातव्याच दिवशी हिरवी पडली.

त्या दिवशी व्हॅनवाला आला होता. तो शहरातल्या हॉटेलांना माल पोचवायचा आणि महिन्याभरापूर्वी त्यानेच दुप्पट माल मागितला होता. अठरा क्रेट लागतील म्हणून सांगितलेलं, निघाले चार.

"मावशी, चेष्टा करता का राव? मी हॉटेलवाल्यांना काय तोंड दाखवू?"

"थांब, तुला दाखवतेच," सासू म्हणाली. "थोरले! इकडे ये."

थोरली आली.

"हात दाखव."

थोरलीने हात पुढे केले. सासूने दोन्ही मनगटं धरून हात उजेडात ओढले. तळवे उलटसुलट केले. बोटं फाकवून बेचक्यांत पाहिलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला, एकदा उजव्याचा, एकदा डाव्याचा. व्हॅनवाला आधी बघत राहिला, मग त्याने उगीच खिशातला मोबाइल काढला.

"कापलंय कुठे?"

"नख काढताना."

"रक्तात बी भरलंस?"

"थांबल्यावर भरलं, आई."

"म्हणजे काय, याच हाताने ना!" सासूने मनगटं सोडून दिली. "बघ रे बाबा. हात बिघडला की असं होतं. पुढच्या वेळी बंदोबस्त करते."

थोरली तशीच हात पुढे धरून उभी राहिली. ते कुठे ठेवावेत हे तिला सुचेना. व्हॅनवाला म्हणाला, "जाऊ द्या मावशी, आणखी एक खेप बघतो. मग मात्र मला दुसरं घर बघावं लागेल," आणि गाडी चालू केली. त्या दुपारी तेलाची बाटली आली नाही.

तिसऱ्या खेपेला ती बी भरायला बसली. चोथा ती नेहमीसारखा मुठीत दाबून बघत होती. पाण्याचे दोन-तीन थेंब गळले तर ठीक, धार लागली तर ओला. दाबताना काहीतरी टोचलं. अननसाच्या सालीचा तुकडा होता. आंबटपणा मारायला चोथ्यात घालतात त्या चुन्याने वरून माखलेला, म्हणून बाकीच्यांत खपून गेलेला. तिने तो मोडला. कट्‌ असा आवाज आला. आतून साल पिवळीजर्द, कडक, जशी कारखान्यातून येते तशी. उकडलेली साल मोडत नाही, लिबलिबीत होऊन बोटांत येते.

तिने हात खुपसून ढिगाच्या मधला चोथा काढला. तिथेही कच्च्या साली होत्या. एक, दोन, मूठभर.

पिंप उकडायचं काम दिराचं. तो दहाच्या पाळीला कारखान्यावर जायचा, त्याआधी पहाटे उठून भट्टी लावायचा. पूर्वी एक पिंप असायचं, तीन तास रटरटायचं. व्हॅनवाल्याने दुप्पट माल मागितल्यापासून तो त्याच वेळेत दोन पिंपं काढायचा. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. दोन पिंपं त्याच वेळेत कशी निघतात, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. थोरलीनेही नाही. हाताच्या गुणावर तिचाही विश्वास होता. म्हणून इतके दिवस तिने हाताकडे पाहिलं, चोथ्याकडे नाही.

संध्याकाळी दीर आला तशी ती न्हाणीपाशी गेली. तो पाय धूत होता.

"भाऊजी, हे बघा."

त्याने तळहातावरच्या सालींकडे पाहिलं आणि पुन्हा पायावर पाणी ओतलं. धुतलेल्या पायावरच.

"पिंप किती वेळ ठेवता?"

"ठेवतो की. होईपर्यंत."

"तीन तास?"

"वहिनी, लाकूड ओलं आहे. पेटता पेटत नाही. दोन पिंपं काढायची, चोथा निथळायचा, पेंढा मिसळायचा, दहाला भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. मला काय चार हात आहेत?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तास-सव्वा तास देतो. वाफ तर येते ना भसाभसा. मला वाटलं, भागेल."

"माझा हात नासला म्हणतायत आई."

"मी कुठे म्हणालो?"

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

त्याने तांब्या खाली ठेवला. मग तिच्या हातातल्या साली त्याने हळूच काढून घेतल्या आणि मोरीत टाकल्या. "आईला बोलू नका," तो म्हणाला. "मी बघतो काहीतरी. धाकटीलाही नको. ती मला फार मानते हो."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यावर गेल्यावर थोरली सासूकडे गेली. ढिगातल्या दुसऱ्या साली तिने फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. सासूने एक तुकडा घेतला, नखाने टोचला, वाकवला. कट्‌ झालं. दुसरा घेतला. तोही मोडला. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला कच्चं आणि शिजलेलं सांगावं लागत नाही.

थोरलीला वाटलं, सुटले.

सासूने फडक्याची गाठ परत बांधली आणि ते अख्खं चुलीत सारलं. ओलं फडकं सळसळून धुमसायला लागलं.

"आई?"

"तुला वाटलं मला दिसत नाही? माझ्या अंगणात भट्टी पेटते. ती केव्हा विझते ते मला अंथरुणात पडूनही कळतं."

"मग..."

"मग काय? घरातला एकुलता एक पुरुष आहे तो आता. एक तर गेलाच, तुझा." सासू धुराने खोकली. "याला बायकोसमोर खोटं पाडू? याच्या हातून होत नाही म्हणू? उद्या चिडून भट्टीला लाथ मारली आणि शहरात निघून गेला तर? तू थांबवशील?"

"आणि मी?"

"तुझं काय बिघडतं गं? तुझ्यामागे कोण आहे वाईट वाटून घ्यायला?"

हे ती दुष्टपणे म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. थोरलीला रडू आलं नाही, फार राग आला, आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळलं नाही.

संध्याकाळी जेवताना सासूने सगळ्यांसमोर सांगितलं. तिसरी खेप फेकून द्यायची. चौथी धाकटीने भरायची. थोरलीने बियाला शिवायचं नाही, अंधाऱ्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. पिशव्या पांढऱ्या आल्या तर दोष कुणाचा ते उघडच आहे, मग थोरलीने सोलाईला जायचं, मुकादमाशी बोलणं झालं आहे.

"आणि हिरव्या आल्या तर?" धाकटीने विचारलं.

"तर हात हिचा वाईट नव्हता म्हणायचं. राहील इथेच."

दीर पाटाकडे बघत जेवत होता. ताट रिकामं झालं होतं तरी बोटं फिरवत होता.

"आणि तोवर भट्टी थोरली बघेल," सासू म्हणाली. "रिकामी बसून काय करायचंय? तुझी दगदग वाचेल रे. आता घाईही नाही, एकच पिंप काढा."

चौथ्या खेपेच्या सकाळी पाऊस धरून होता, पण पडत नव्हता. थोरलीने ओली लाकडं भट्टीच्या कडेने उभी करून शेकली, फुंकणीने फुंकून फुंकून जाळ धरवला. पिंपात साली, वर पाणी, वर गोणपाट, त्यावर दगड. सात वाजता उकळी फुटली. तिने ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि भट्टीसमोर उकिडवी बसली.

आठ वाजता ती उठली. मनाशी ठरलेलंच होतं. जळती लाकडं तिने एकेक करून बाहेर ओढली आणि चिखलात विझवली. सव्वा तास झाला की चोथा उपसायचा. वाफ तर येतेच आहे भसाभसा. पिशव्या हिरव्या पडतील, धाकटी रडेल, व्हॅनवाला दुसरं घर बघेल, आणि आपण राहू. आपला हात चांगला ठरेल. यात खोटं तर काही नाही, हात चांगलाच आहे.

ती पिंपाशी उभी राहिली. उकळी बसत चालली. तिने गोणपाट उचलून आत काठी घातली, साली वर आणल्या. एक चिमटीत धरली. कच्ची होती. बाहेरून मऊ, आत कडक. हिच्यात बी घातलं की ते चार दिवस जगेल, पांढरे तंतू सोडेल, मग हिरवी बुरशी त्याला गिळेल. हे तिने दोन वेळा पाहिलं होतं. हाताने पेरलेलं मरताना बघायला काळीज लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

ओट्यावर सासू तांदूळ निवडत बसली होती. विझलेली लाकडं तिला दिसत होती. तरी ती तांदूळच निवडत राहिली. बोलावंच लागणार नाही अशी बसली होती.

तेव्हा थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भट्टी तिला शिक्षा म्हणून दिलेली नव्हती. मुलाला एक शब्द न बोलता पिंप तीन तास उकळायला हवं होतं, आणि कच्चा माल जिच्याच्याने पुढे देववत नाही असं घरात एकच माणूस होतं. म्हातारीने तिला पुरती ओळखलं होतं. सोलाईला पाठवायची आणि पाठवण्यासाठी सरपणही तिच्याकडूनच लावून घ्यायचं.

"काय बघतेस?" सासूने विचारलं.

"काही नाही."

थोरली खाली बसली. चिखलातली लाकडं पुसली आणि परत भट्टीत सारली. ओली लाकडं धुमसायला लागली, धूर डोळ्यांत गेला, पाण्याने चेहरा भिजला. ती फुंकत राहिली. छातीत कळ येईपर्यंत फुंकलं तेव्हा कुठे जाळ धरला. साडेआठला पुन्हा उकळी फुटली. तिथपासून तिने नव्याने तीन तास मोजले, आधीचा एक तास धरला नाही.

दुपारी धाकटीने बी भरलं. थोरली उंबऱ्याबाहेर बसून सांगत होती.

"दाबू नकोस इतकं. त्याला श्वास लागतो."

"एवढं पुरे?"

"कडेने जास्त टाक, मधे कमी. हं. आता पुढचा थर."

धाकटीचा चेहरा घामाने डबडबला होता. मधेच ती थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मनातून सांगते, हिरव्याच पडू देत. तुम्ही गेलात तर मला या घरात बोलायला कोण आहे?"

"वेडी आहेस. गाठ घट्ट मार."

अकराव्या दिवशी धाकटी अंधाऱ्या खोलीतून धावतच बाहेर आली. तिच्या कडेवर पिशवी होती, बाळासारखी धरलेली. वरपासून खालपर्यंत पांढरी, एक डाग नाही. "ताई! सगळ्या! सगळ्या अशाच आहेत! माझा हात..." आणि तिच्या लक्षात आलं आपण काय बोलतो आहोत. तिने ओठ आवळले, पण आनंद तिच्या तोंडावरून जाईना.

थोरलीने लांबूनच पाहिलं. पिशवी सुरेख आली होती. इतकी चांगली तिच्या हाताला कधी आली नव्हती. आणि त्या क्षणी, स्वतः रात्रंदिवस जाणून असूनही, तिलाही वाटून गेलं, खरंच माझाच हात असेल का?

सासूने धाकटीला जवळ घेतलं. "या हाताने आता भांडी घासायची नाहीत," ती म्हणाली. व्हॅनवाल्याला फोन गेला.

दुसऱ्या दिवशी साली टाकायला आलेला कारखान्याचा ट्रॅक्टर रिकामा परत जाणार होता, त्यातून थोरलीने जायचं ठरलं. सामान म्हणजे एक गाठोडं आणि एक पत्र्याची पेटी. सासू आतून आली नाही. धाकटी दारात बाळाला घेऊन रडत होती, आणि रडताना हात खराब होऊ नयेत म्हणून बाळाला दंडांवर तोलून धरत होती.

दिराने पेटी ट्रॉलीत चढवली. मग गाठोडं. मग उगीच पेटी सरकवून नीट केली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू केलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, किती वेळ ठेवलं होतं पिंप?"

"तीन तास. उकळी फुटल्यापासून."

"आई म्हणते, आता परत दोन काढ. व्हॅनवाला वीस क्रेट म्हणतोय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

थोरली ट्रॉलीच्या काठावर बसली. हात मांडीवर ठेवले. आज संध्याकाळपर्यंत ते रसात असणार होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "तीनाचे सव्वा केलेत तर पिशव्या हिरव्या पडतील. आणि आता मी नाही घरात. आता हात धाकटीचा आहे."

त्याने वळून दाराकडे पाहिलं. बायको तिथे उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.